‘डिस्पिरिटेड’ मराठीत कसं आणायचं?

आधी प्रश्न काय आहे तो इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्रश्न विचारणाऱ्या बाई ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात एचआरमध्ये आहेत. कंपनीने बाहेरच्या सल्लागारांकडून कामगारांची पाहणी करून घेतली. अहवाल अर्थातच इंग्रजीत आला आणि त्याचं मराठी करून सूचनाफलकावर लावायचं काम यांच्या टेबलावर पडलं. त्यातलं एक वाक्य असं होतं: ‘द नाइट-शिफ्ट वर्कर्स अपिअर डिस्पिरिटेड आफ्टर द थर्ड पोस्टपोनमेंट ऑफ द वेज सेटलमेंट.’ यांनी डिक्शनरी उघडली. तिथे ‘निराश, उदास, खिन्न’ सापडलं, पण अहवालाच्या मानाने ते फारच साधं वाटलं. म्हणून लिहिलं, ‘वेतनकरार तिसऱ्यांदा पुढे ढकलल्यामुळे रात्रपाळीचे कामगार नैराश्यग्रस्त दिसतात.’ सकाळी पाळी सुटताना फलकापाशी घोळका जमला आणि एकाने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ‘मग काय, ठाण्याला भरती करणार का आम्हाला?’ वरिष्ठांनी तो कागद काढायला लावला आणि त्याऐवजी ‘मानसिक खच्चीकरण झालेले’ असं घाला म्हणून सुचवलं. आता बाई विचारतात की यातलं बरोबर कोणतं, या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि स्वतःच्या इंग्रजी मेलमध्ये तो वापरता येईल का.

मी नौपाड्यात बसून बरीच वर्षं हेच काम करतो. कंपन्यांची परिपत्रकं, वेतनकरार, खातेचौकशीचे अहवाल, कोर्टाचे कागद, इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

दोन्ही भाषांतरं चुकलेली आहेत, पण दोन्हींची चूक वेगळी आहे. पहिल्यात ‘ग्रस्त’ने घात केला. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, कर्करोगग्रस्त, म्हणजे कसल्यातरी तावडीत सापडलेला माणूस. त्यात ‘नैराश्य’ हा शब्द आता वर्तमानपत्रांनी डिप्रेशन या आजारासाठी जवळजवळ राखूनच ठेवला आहे. डॉक्टर तो आजार ठरवतात तेव्हा किमान २ आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ मन बुडालेलं असणं, कशातच रस न वाटणं, झोप-भूक बिघडणं असं बरंच काही तपासतात. फलकावर तो शब्द लावणं म्हणजे अख्ख्या पाळीचं निदान करून मोकळं होणं. आणि ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. पुणेकर जसं येरवड्यावरून चिडवतात, तसं मुंबईभर ‘ठाण्याला पाठवा’ असं म्हणून चिडवायची जुनी खोड आहे. (आम्ही ठाणेकर आता त्यावर चिडतही नाही.) तेव्हा त्या कामगाराने मारलेला टोला अगदी जागेवरचा होता.

दुसऱ्या भाषांतराची गंमत वेगळी आहे. ‘मनोधैर्याचं खच्चीकरण’ हा बातम्यांतला लाडका प्रयोग, म्हणून तो साहेबी कानाला भारदस्त वाटतो. पण खच्ची करणं म्हणजे बैलाचं काय करतात, हे ज्याच्या घरी गोठा आहे त्याला सांगावं लागत नाही. तुमच्या रात्रपाळीत सातारा-सांगलीचे, जुन्नर-मुरबाडचे लोक असणारच. तो कागद लागला असता तर ‘ठाण्याला भरती’ परवडलं म्हणायची वेळ आली असती. ‘खचणं’ आणि ‘खच्ची करणं’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. जमीन खचते, विहीर खचते, उमेद खचते. यात खच्चीचा काही संबंध नाही. नुसत्या आवाजाच्या सारखेपणावरून लोक एकाच्या जागी दुसरं ठेवून देतात.

आता मूळ शब्दाकडे येऊ. तो ‘डिस’ आणि ‘स्पिरिट’ मिळून झाला आहे. जोडताना एक एस गळाला आहे, म्हणून स्पेलिंगमध्ये एस एकच येतो. डिससॅटिस्फाइडमध्ये दोन असतात त्यामुळे मुलं इथेही दोन घालतात. उच्चार आपण ‘डिस्पिरिटेड’ असा पसरट करतो. इंग्रज जोर ‘स्पि’वर देतात आणि शेवट ‘टिड’सारखा आटोपता घेतात.

‘स्पिरिट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक भूत, नाहीतर इंजेक्शनच्या आधी दंडावर फिरवतात तो गार बोळा. दोन्ही एकाच झाडाच्या फांद्या आहेत. लॅटिनमध्ये ‘स्पिरितुस’ म्हणजे श्वास. रेस्पिरेशन, इन्स्पायर, एक्स्पायर, सगळीकडे तोच श्वास आहे. आपल्या ‘प्राण’ शब्दातही श्वास घेण्याचाच धातू आहे, त्यामुळे ही वाट आपल्याला परकी नाही. पुढे युरोपातल्या जुन्या वैद्यकाने, प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या परंपरेने, असं धरलं की शरीरात रक्ताबरोबर अतिशय सूक्ष्म असे ‘स्पिरिट्स’ फिरतात. ते यकृतात, हृदयात आणि मेंदूत तयार होतात आणि माणसाला हालचाल, ऊब, हुशारी देतात. ते भरपूर असले की माणूस ‘इन हाय स्पिरिट्स’, उणे पडले की ‘इन लो स्पिरिट्स’. आजही हे अनेकवचनातच म्हणतात त्याचं कारण हे. हृदयातून रक्त कसं फिरतं हे इंग्रज वैद्य हार्वीने १६२८ मध्ये छापून मांडलं. डिस्पिरिट हे क्रियापद इंग्रजीत रुळलं तेही त्याच शतकात, म्हणजे स्पिरिट ही शरीरातली खरीखुरी वस्तू आहे असं शहाणीसुरती माणसं मानत होती त्या काळात. डिस्पिरिटेड माणसाच्या आतून ती वस्तू काढून घेतलेली असे.

(जाता जाता: अर्थसंकल्पाच्या दिवसांत गुंतवणूकदारांच्या उत्साहासाठी छापून येणारे ‘अ‍ॅनिमल स्पिरिट्स’ हेच. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६ मध्ये हा प्रयोग वापरला आणि तो चिकटला. त्यात जनावर कुठेच नाही. तिथला ‘अ‍ॅनिमल’ लॅटिन ‘अनिमा’वरून, म्हणजे पुन्हा प्राणावरूनच आला आहे. गुंतवणूकदाराची ‘पाशवी वृत्ती’ असं भाषांतर कुणी करत असेल तर त्याला थांबवा.)

आपल्याकडे स्पिरिट शब्द याच अर्थाने घरोघरी पोहोचला तो ‘मुंबईच्या स्पिरिट’मुळे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, पुढच्या वर्षी ११ जुलैला लोकलमध्ये स्फोट झाले. दोन्ही वेळा लोक लवकरच पुन्हा कामावर गेले आणि दोन्ही वेळा वर्तमानपत्रांनी स्पिरिटची आरती ओवाळली. कळवा-मुंब्र्याहून दाराला लोंबकळत जाणाऱ्यांना तो शब्द ऐकून काय वाटतं ते मी इथे लिहीत नाही. पण अर्थ समजायला उदाहरण चांगलं आहे. तिथे जे आहे म्हणून कौतुक केलं जातं, तेच गेलं की माणूस डिस्पिरिटेड.

यातून एक गोष्ट हाती लागते, आणि तुमच्या वाक्याच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. या शब्दात आधीचा काळ दडलेला आहे. जोम होता, कशामुळे तरी तो गेला. मुळातच मुळमुळीत असलेल्या माणसाला इंग्रजीत डिस्पिरिटेड म्हणत नाहीत, त्याच्यासाठी ‘स्पिरिटलेस’ आहे. म्हणजे अहवाल लिहिणाऱ्याने तुमच्या रात्रपाळीला कमी लेखलेलं नाही. उलट, ही माणसं आधी मन लावून काम करत होती, असं तो न बोलता सांगून गेला आहे. तुमच्या भाषांतरात हे कौतुक गळलं आणि वर आजार चिकटला.

डिक्शनरीतले शब्द का पुरत नाहीत तेही पाहा. निराश, हताश, नाउमेद. निराश आणि हताशमध्ये ‘आशा’ आहे आणि नाउमेद फारसीतून आला, तिथेही ‘उमेद’ म्हणजे आशाच. तिघांचा रोख आशेवर आहे. आशा संपली की पुढचं सगळंच संपतं. डिस्पिरिटेड माणसाची आशा पूर्ण संपलेलीच असते असं नाही. वेतनकरार आज ना उद्या होईल हे त्या कामगारांनाही ठाऊक आहे. पण रात्री अकराला गेटवर कार्ड पंच करताना पूर्वीची चालण्यातली तडफ उरलेली नाही. ‘उदास’ आणि ‘खिन्न’ हे मनाचे रंग सांगतात, पण कामावर काय परिणाम झाला ते सांगत नाहीत. कुणाचं आवडतं माणूस गेलं तर तो उदास असतो, त्याला डिस्पिरिटेड म्हणणं विचित्र दिसेल. ‘हिरमुसला’ आणि ‘खट्टू’ मला फार आवडतात, पण ते सहल रद्द झालेल्या पोरासाठी ठेवा. वेतनकरारासाठी चाळिशीतला ऑपरेटर खट्टू झाला असं लिहिलंत तर त्याची थट्टा केल्यासारखं होईल. ‘हतोत्साह’ अर्थाने जवळचा आहे, पण फलकावर तो कुणी वाचणार नाही.

मराठीची खरी श्रीमंती इथे विशेषणांत नाही, क्रियापदांत आहे. उमेद खचते. अवसान गळतं. उत्साह मावळतो. उभारी जाते. धीर सुटतो. हातपाय गाळले जातात. कामातला जीव जातो. यातल्या प्रत्येकात आधी काहीतरी होतं आणि मग ते गेलं ही हालचाल आपसूक आहे, म्हणजे इंग्रजीच्या ‘डिस’चं काम आपल्याकडे क्रियापद करतं. म्हणून माझ्या हाताखाली शिकायला येतात त्यांना मी सांगतो की डिस्पिरिटेडसाठी विशेषण शोधत बसू नका, वाक्य फिरवा. ‘कामगार अमुक आहेत’ऐवजी ‘कामगारांचं अमुक गेलं’ अशी रचना केली की अर्धं काम होतं.

त्यातही सगळी क्रियापदं एका मापाची नाहीत. अवसान गळतं ते बहुधा एका क्षणात आणि समोर काहीतरी पाहून. पानिपताची कथा आठवा. १४ जानेवारी १७६१ च्या आधी मराठ्यांची छावणी कित्येक आठवडे कोंडलेली होती, रसद तुटली होती, माणसं-जनावरं उपाशी होती. एवढ्या हालांत फौज डिस्पिरिटेड झाली होती असं लिहावंसं वाटेल. पण उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणत ती बाहेर पडली आणि दुपारपर्यंत तिने समोरच्यांना मागे रेटलं. हाल खूप होते, तरी स्पिरिट शाबूत होतं. मग विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, मागच्यांना अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचं अवसान गळालं. त्या घटकेला इंग्रजीत ‘लॉस्ट हार्ट’ म्हणतील, ‘पॅनिक’ म्हणतील. डिस्पिरिटेड हा शब्द एवढा झटपट नाही. तो वारंवारच्या अपयशाचा, पुन्हा पुन्हा तोंडघशी पडण्याचा शब्द आहे. तुमच्या वाक्यात ‘थर्ड’ आहे ना, तो शब्द डिस्पिरिटेडचा सख्खा भाऊ आहे. पहिल्यांदा करार पुढे गेला तेव्हा लोक चिडले असतील, दुसऱ्यांदा गेटवर घोषणा झाल्या असतील. तिसऱ्यांदा कुणी काही बोललंच नाही, म्हणून तर सल्लागारांना हा शब्द सुचला.

एवढ्यासाठी ‘खचणं’ इथे बसतं. जमीन एका दिवसात खचत नाही, आतून पोकळ होत जाते.

आता तुमचं वाक्य. मी ते असं करीन: ‘वेतनकरार तिसऱ्यांदा पुढे ढकलला गेल्यानंतर रात्रपाळीच्या कामगारांची उमेद खचली असल्याचे दिसते.’ (वर मी ‘नाउमेद’ला नकार दिला आणि इथे उमेद घेतली, हे कुणी पकडेलच. फारसीत उमेद म्हणजे आशा असली तरी मराठीत ती आशेपेक्षा जोमाकडे जास्त झुकली आहे. ‘उमेदीची वर्षं’ म्हणतो तेव्हा आपण आशेची वर्षं म्हणत नसतो. ‘नाउमेद’ मात्र जुन्या अर्थाजवळ राहिला.) हेच जरा मोकळ्या भाषेत हवं असेल तर ‘पूर्वीची उभारी राहिलेली नाही असे दिसते’ हेही चालेल.

दोन बारकावे मात्र विसरू नका. एक, ‘अपिअर’. पाहणी करणाऱ्याने बाहेरून पाहून हे लिहिलं आहे, म्हणून ‘दिसते’ राहायलाच हवं. ते काढलंत तर कंपनीने ठामपणे मान्य केल्यासारखं होतं. दुसरा, ‘आफ्टर’. तुम्ही त्याचं ‘मुळे’ केलंत. सल्लागार हुशार आहे, त्याने ‘बिकॉज ऑफ’ लिहिलेलं नाही. ‘आफ्टर’मध्ये कारणाचा वास आहे, पण कबुली नाही. तुमच्या ‘मुळे’ने कबुली झाली, तीही कंपनीच्या लेटरहेडवर. उद्या हाच कागद युनियनने कामगार आयुक्तांपुढे ठेवला तर तुमच्या वरिष्ठांना तुमची आठवण वेगळ्या कारणाने येईल. खरं कारण तेच आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही, पण अनुवादकाने मूळ लेखकापेक्षा जास्त बोलायचं नसतं.

शेजारचे इंग्रजी शब्द भराभर सांगतो. ‘डिसअपॉइंटेड’ सौम्य आहे, एकाच गोष्टीपुरता: अपेक्षा होती, पुरी झाली नाही. ‘डिसहार्टन्ड’ आणि डिस्पिरिटेड पुष्कळदा अदलाबदल करून चालतात. पहिल्यात मन मोडण्यावर भर आहे, दुसऱ्यात जोम जाण्यावर. ‘डिजेक्टेड’ चेहऱ्यावर आणि खांद्यांवर दिसतो, मूळ अर्थच ‘खाली फेकलेला’ आहे. तोंड पाडून बसलेला माणूस डिजेक्टेड. ‘डिस्पॉन्डंट’ जास्त गडद, तिथे खरोखरच आशा संपत आलेली असते आणि त्यालाच ‘हताश’ शोभतो. ‘डीमॉरलाइज्ड’ बहुतेक वेळा गटासाठी, विशेषतः फौज, पोलीस, संघ यांच्यासाठी वापरतात आणि त्याला ‘मनोधैर्य खचलेले’ हा पक्का मराठी जोड आहे. मुळात त्या शब्दाचा अर्थ नीती बिघडवणं असा होता, जुनं इंग्रजी वाचताना सांभाळा.

आपल्या ऑफिसांत मात्र या सगळ्यांच्या जागी एकच शब्द चालतो: ‘डीमोटिव्हेटेड’. महापे-ऐरोलीच्या कुठल्याही आयटी पार्कच्या कॅन्टीनमध्ये बसा, दर दुसऱ्या टेबलावर ऐकू येईल. मला तो फारसा आवडत नाही. त्यात दोष कामगाराच्या प्रेरणेत असल्यासारखं वाटतं आणि मग लगेच एचआरला मोटिव्हेशनल स्पीकर बोलवावासा वाटतो. डिस्पिरिटेड म्हटलं की निदान ‘कशामुळे?’ हा प्रश्न तरी पडतो.

वापराबद्दल. ‘डिस्पिरिटेड’ माणसाचं वर्णन करतो आणि ‘डिस्पिरिटिंग’ ज्याने हे घडवलं त्याचं. बोअर्ड आणि बोअरिंगसारखंच. ‘द डिले वॉज डिस्पिरिटिंग, द मेन वेअर डिस्पिरिटेड.’ उलट केलंत की माणूसच इतरांचा जोम घालवतो असा अर्थ होईल, आणि काही मॅनेजरांबाबत तो खराही असेल. पुढे ‘बाय’ जोडतात, ‘डिस्पिरिटेड बाय द न्यूज’. ‘ऑफ’ जोडू नका. नामाआधी चालतो, ‘अ डिस्पिरिटेड टीम’, आणि ‘लुक, साउंड, सीम, अपिअर’ यांच्यानंतर तर फारच सहज येतो, कारण हा बहुतेक वेळा बघणाऱ्याचा शब्द असतो. कधी माणसाऐवजी त्याच्या कृतीलाही लावतात, ‘अ डिस्पिरिटेड परफॉर्मन्स’. मराठीत त्याला ‘जीव नसलेला खेळ’ किंवा नुसतं ‘उरकून टाकलेलं’ म्हणा. विरुद्ध बाजूला ‘स्पिरिटेड’ आहे. ‘स्पिरिटेड डिफेन्स’ म्हणजे चिवट, झुंजार बचाव. आणि कुणी ‘दॅट्स द स्पिरिट!’ म्हटलं तर त्याचं मराठी फक्त ‘अस्सं पाहिजे!’

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, की स्वतःच्या मेलमध्ये ‘आय अ‍ॅम डिस्पिरिटेड’ लिहू का. व्याकरणाने बरोबर आहे. पण शब्द लेखी, थोडा पुस्तकी आहे. स्वतःबद्दल तो वापरला की वाचणाऱ्याला कादंबरीतलं पात्र बोलतंय असं वाटतं. ‘आय अ‍ॅम डिस्पिरिटेड टू इन्फॉर्म यू’ असं तर कधीच नको, तिथे ‘आय रिग्रेट’ हा ठरलेला साचा आहे. बढती हुकली म्हणून साहेबांना लिहायचं असेल तर ‘डिसअपॉइंटेड’ लिहा आणि पुढे कशाबद्दल ते एका वाक्यात नेमकं लिहा. तुमच्या टीमबद्दल वर कळवायचं असेल तेव्हा डिस्पिरिटेड खुशाल वापरा: ‘द टीम हॅज बीन डिस्पिरिटेड सिन्स द सेकंड रिजेक्शन.’ आणि त्याच मेलमध्ये खाली, काय केलं तर फरक पडेल ते लिहा. ते नसेल तर साहेब उत्तरात टाउन हॉल, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा, ठेवतील.